चौरंगावरचा कॉम्प्युटर

दुपारच्या चहाच्या वेळी माझ्या हातातून कप पडला आणि मी घाबरले. कप पडणं ही काही मोठी गोष्ट नव्हे. पण मी तो नीट धरलेला होता. बोटांनी तो कधी सोडला ते मला कळलंच नाही; फरशीवर आवाज झाला तेव्हा कळलं.

"काय फुटलं गं?" मालक आतल्या खोलीतून ओरडले.

मी तोंड उघडण्याआधीच अक्का म्हणाली, "माझ्या हातनं कप पडला, मालक. उद्या घरनं दुसरा आणती."

मग ती खाली बसून तुकडे वेचायला लागली. वेचता वेचता तिनं एकदा माझ्या उजव्या हाताकडे बघितलं, आणि मी तो पदराखाली घेतला.

सांगलीतल्या एका छापखान्यात आम्ही दोघी कॉम्प्युटरवर टायपिंग करत होतो. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मी रहिमतपूरची, सातारच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली, लग्नाचं वय आईच्या मते उलटून चाललेली, आणि सांगलीत मावशीकडे राहणारी. अक्का माझ्याहून जेमतेम चार महिन्यांनी मोठी, मिरजेकडच्या खेड्यातल्या जैन शेतकरी घरातली सून, दोन मुलांची आई. छापखान्यात सगळेच तिला अक्का म्हणत, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. कॉम्प्युटर एकच होता. सकाळी सहा ते एक मी बसायची, एक ते आठ ती. मधला अर्धा तास चहाचा आणि पानं एकमेकींच्या हवाली करण्याचा.

हा कॉम्प्युटर कसा ठेवलेला होता ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तो आला दसऱ्याच्या तोंडावर. पूजेला मालकांनी घरच्या गणपतीचा मोठा, नक्षीदार चौरंग आणला, टेबलावर ठेवला, आणि त्यावर कॉम्प्युटर. पुढे की-बोर्ड, त्याला हळद-कुंकू, मॉनिटरला झेंडूची माळ. पूजा झाली आणि आठवड्याच्या आत मतदार याद्यांचं काम चालून आलं. गावंच्या गावं. एका ठेकेदाराकडून गठ्ठे येत, आम्ही नावं टाइप करायची. मालकांनी इतकं काम आयुष्यात पाहिलं नव्हतं. माळ सुकली, काढली. चौरंग मात्र राहिला. "यंत्र लाभलंय," ते म्हणत. "जिथं हाय तिथं हाय. हालवायचं न्हाई." चपला बाहेर काढून आत यायचं. रोज उदबत्ती. तिची राख की-बोर्डच्या फटींत पडायची आणि ती फुंकून काढणं हे माझ्या दिवसाचं पहिलं काम असे.

टेबल आधीच उंच, त्यावर वीतभर चौरंग, आणि खाली एक बसकी लाकडी खुर्ची. की-बोर्ड माझ्या छातीशी यायचा. हात वर धरून थकले की मनगटं चौरंगाच्या कडेवर टेकायची आणि पंजे वर उचललेले ठेवून टाइप करायचं. एक वाजता उठायची तेव्हा मनगटाच्या आतल्या बाजूला चौरंगाची वेलबुट्टी उमटलेली असे. आम्ही दोघी ती एकमेकींना दाखवून हसायचो. अक्का म्हणायची, "फुकटात मेंदी काढून मिळती बघ."

त्यात वीज कधी जाईल त्याचा नेम नव्हता. ती असेल तेवढ्यात ओढून घ्यायचं, म्हणजे मधे थांबणं आलंच नाही. दोघीही टाइपरायटरवर घडलेल्या. तिथे की जोर लावून हाणावी लागते, नाहीतर खालच्या कार्बनवर अक्षर उठत नाही. कॉम्प्युटरची की फुंकरीनं दबेल इतकी हलकी, पण आमच्या बोटांना ते कोण सांगणार? आम्ही तीही हाणायचो.

कप फुटला तोवर माझ्या हाताला दोन महिने झाले होते. आधी मुंग्या. मग अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत बधिरपणा. मग पहाटे जाग यायची ती हात झटकत. वेणी घालता येईना. मी केस नुसते बांधून यायची आणि एक वाजता अक्का आली की मला खुर्चीत बसवून वेणी घालून द्यायची. एका शब्दानं विचारायची नाही. मी दुखणं अंगावर काढत होते, कारण मला दोन माणसांची भीती होती. मालकांना कळलं असतं तर त्यांनी दुसरी ऑपरेटर बघितली असती. आईला कळलं असतं तर तिनं मला घरी नेऊन पहिल्या येईल त्या स्थळासमोर बसवलं असतं.

आणि परीक्षा होती. साताऱ्याच्या एका सरकारी कार्यालयात टंकलेखकाची जागा निघाली होती. महिलांसाठी एकच. वयाच्या अटीत बसायचं माझं ते शेवटचं वर्ष. जाहिरात मला माहीतही नव्हती. ती अक्कानं वर्तमानपत्रातून कापून आणली आणि आम्ही दोघींनी मिळून अर्ज भरले. तिच्या सासरच्यांनी सांगून ठेवलं होतं, या खेपेला लागली तर लागली, नाहीतर मशीन पुरे, शेताकडं बघायचं. म्हणजे तिचीही ती शेवटचीच संधी. "दोघींतनं एकीला तरी लागू दे," ती म्हणायची. मीही तसंच म्हणायची. ती ते मनापासून म्हणायची एवढाच फरक.

माझ्या हातावर पहिले उपचार अक्कानंच केले. आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून लेप आणला. एका रविवारी मला घरी नेलं. तिची चुलतसासू पायाळू होती, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते, आणि अशा माणसाचा पाय लागला की उसण उतरते हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पाठीला चालतं ते हाताला का चालू नये? मी ओसरीवर हात पसरून बसले आणि म्हातारीनं तीनदा माझ्या मनगटावर पाय ठेवला. फार हळुवार ठेवला. मग भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. त्या घरात मला इतकं जपलं की निघताना माझे डोळे भरून आले. हात मात्र होता तसाच राहिला. त्यानंतर मावशीच्या ओळखीनं एका तालमीतल्या वस्तादांकडे गेले. त्यांनी मनगट धरून असा हिसका दिला की दोन दिवस मला पेन धरता आलं नाही.

शेवटी मी कुणालाही न सांगता मिरजेला गेले. डॉक्टर म्हातारे होते, तिरसट होते. हात वाकवून, दाबून बघितला, आणि म्हणाले, "तुम्ही काम कसं करता ते इथे बसून दाखवा." मी त्यांच्या टेबलाशी बसले. "की-बोर्ड इथे नसतो," मी म्हटलं, "इथे असतो," आणि हात छातीशी धरले.

"भिंतीवरून शेजारच्यांकडं डोकावल्यासारखं टाइप करता तुम्ही," ते म्हणाले. "दिवसाला सात तास. त्यावर संध्याकाळी परीक्षेसाठी पुन्हा टाइपरायटरचा सराव. आणि विचारता, हात का दुखतो?"

मग त्यांनी मला धडा दिला. कोपर आणि की-बोर्ड एका पातळीत हवेत. मनगट सरळ हवं, वर मुडपलेलं नको, आणि कडेवर टेकलेलं तर मुळीच नको. बोटं हलकी टाकायची. अर्ध्या तासानं हात खाली सोडून दोन मिनिटं बोटं उघडायची, मिटायची. "वीज जाईल ही भीती घालायची असेल तर मला घाला, हाताला घालू नका," ते म्हणाले. मुंग्या आल्या की थांबायचं. पुढं रेटायचं नाही. "आत्ता सांभाळलंत तर भरून येईल. आणखी महिना असंच काढलंत तर बोटांतली जाण परत येईलच असं मी सांगणार नाही." परीक्षेला पाच आठवडे होते.

मी उठले तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या मशीनवर आणखी कुणी बसतं?"

"हो."

"त्यांनाही सांगा हे सगळं. दुखायला लागायच्या आधी सांगा."

मी "हो" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना भीत भीत म्हटलं की चौरंग काढला तर मला बरं पडेल. हाताचं सांगितलं नाही, उंचीचं सांगितलं. त्यांनी असं बघितलं की जणू मी त्यांच्या देव्हाऱ्यातला टाक भंगारात घालायला सांगत होते. "अगं, लक्ष्मी हाय ती. बसली हाय, बसू दे." बरं, यंत्र खाली येत नाही तर आपण वर जावं, म्हणून मी कागदाचं एक रीम खुर्चीत ठेवून बसले. मालक धावत आले. "कागदावर बसतीस? सरस्वती हाय ती!" तिसऱ्या दिवशी मावशीकडची उशी नेली. "उशीवर बसलं की गळू हुतंय," मालक म्हणाले, आणि स्वतःच्या हातानं उशी काढून ठेवली. लक्ष्मी वर, सरस्वती खाली, आणि मधे माझं मनगट! त्या दिवशी माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की उदबत्तीचं घर उचलून रस्त्यावर फेकावं असं वाटलं.

त्या शनिवारी मी रहिमतपूरला गेले आणि आईची घोंगडी घेऊन आले. घोंगडी पवित्र. तिच्यावर पूजेला बसतात. मालकांना बोलायला जागाच उरली नाही. तिची घट्ट चौपदरी घडी करून खुर्चीत घातली, पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली दोन विटा ठेवल्या, आणि हात आपोआप की-बोर्डच्या पातळीत आले. बोटं हलकी टाकायचा सराव केला. दर अर्ध्या तासानं हात खाली सोडून मी मनातल्या मनात शंभर आकडे मोजायची. संध्याकाळचा टाइपरायटरचा सराव तासाचा वीस मिनिटांवर आणला.

पहिल्याच दिवशी एक वाजता अक्का आली, घोंगडी बघून खूश झाली. "बरं केलंस बाई. खुर्ची लय टोचती. राहू दे हं, मी बी बसती."

मी तेव्हा जे बोलले ते मी आधी ठरवलं नव्हतं. निदान तसं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. मी म्हटलं, "अगं, नवसाची आहे. आईनं बोललेली. परीक्षा होईपर्यंत दुसऱ्या कुणी बसायचं नाही म्हणाली."

अक्कानं हात पटकन मागे घेतला. "आगं बया, सांगायचंस की आधी," म्हणाली. त्या दिवसापासून ती घोंगडीला शिवायचीही नाही. मी घडी काढून कपाटाच्या वर ठेवायची, विटा भिंतीशी सरकवायची, आणि ती त्या बसक्या खुर्चीत बसून छातीशी हात धरून टाइप करायला लागायची. मालकांनी जी विद्या माझ्यावर चालवली तीच मी तिच्यावर चालवली, आणि त्यांच्याहून चांगली चालवली. मालकांची निदान श्रद्धा होती.

का केलं ते साधं आहे. ती माझ्याहून वेगात होती. हात चांगला असतानाही मी तिच्या मागेच असायची, आणि आता तर माझा हात अर्धा गेलेला. जागा एक. मी रोज सकाळी ठरवायची, आज सांगू. एक वाजता ती यायची, माझी वेणी घालायची, आणि सांगणं उद्यावर जायचं. तिची बोटं केसांत फिरत असताना मला तिची दया यायची आणि रागही यायचा. इतकं चांगलं कशाला असावं माणसानं, असं वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात माझी पहाटेची जाग बंद झाली. त्याच आठवड्यात अक्का पानं हवाली करताना उजवा हात झटकताना दिसली. मी बघितलं, आणि पुढचं सगळं मला पाठ होतं. दोन दिवसांनी तिनं उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या. मग मनगटाला रुमाल बांधला. एकदा म्हणाली, "हाताला मुंग्या येत्यात गं. तुला यायच्या का अशा?"

"थंडी पडलीय ना," मी म्हटलं.

तिला ते पटलं. सकाळी कामावर यायच्या आधी ती दोन तास टाइपरायटरवर सराव करत होती. परीक्षेपर्यंत तिनं एकही दिवस चुकवला नाही. तिचा वेळ वाचावा असं सांगून मी आता घरूनच वेणी घालून येत होते. ती म्हणाली, "उतार पडला की तुझ्या हाताला! पायाळूचा गुण हाय बघ." मी मान डोलावली.

त्या काळी टायपिंगच्या परीक्षेला आपलं मशीन आपणच न्यायचं. माझ्या जुन्या इन्स्टिट्यूटमधून मी दोन टाइपरायटर भाड्यानं घेतले आणि दोन्ही एका हातगाडीवर घालून आम्ही परीक्षा होती त्या शाळेत पोचलो. एकाची की जड होती, एकाची हलकी. हलकं मी तिला दिलं. का दिलं ते मला तेव्हाही कळत होतं. तेवढ्यानं पाप फिटत नाही हेही कळत होतं.

ती माझ्या पुढच्या बाकावर होती. शिट्टी झाली आणि चाळीसेक मशीनं एकदम सुरू झाली. इतक्या गोंगाटातही तिचं मशीन मला वेगळं ऐकू येत होतं. ओळ संपली की वाजणारी तिची घंटी माझ्या घंटीच्या आधी वाजायची. एक ओळ, दोन ओळी, पाच. मी हरत होते, आणि खरं सांगते, एक क्षण मला बरं वाटलं. हिला लागू दे, म्हणजे मी सुटले. मग तिची घंटी माझ्या बरोबरीनं वाजली. मग माझ्या मागून. मग वाजलीच नाही. मी मान वर केली नाही. डोळ्यांच्या कडेनं दिसलं की तिनं उजवा हात मांडीवर घेतलाय आणि डाव्या हाताच्या एका बोटानं अक्षरं शोधतेय. माझी बोटं थांबली नाहीत. उलट त्या मिनिटात मी जितकी बिनचूक आणि हलकी चालले तितकी आधी कधी चालले नव्हते.

नोकरी मला लागली. सगळी वर्षं साताऱ्यात काढली, हात शेवटपर्यंत शाबूत राहिला. अक्काला तो वेग पुन्हा आला नाही. तिनं छापखाना सोडला तेव्हा मी साताऱ्यात होते.

पण हे पुढचं झालं. परीक्षेच्या दिवशी निकाल अजून कुणालाच माहीत नव्हता. मशीनं परत करून आम्ही साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलो. ती रडली नाही. मांडीवरचा उजवा हात डाव्या हातानं दाबत राहिली. "बोटं माझी न्हाईतच असं वाटलं गं," म्हणाली. "खाली बघितलं तवा कळलं, भलतीच की दाबतीया."

आणि मग मी सगळं सांगितलं. कोपर कुठे हवं, मनगट कसं हवं, कडेवर का टेकायचं नाही, किती वेळानं थांबायचं, उंच का बसायचं. मिरजेच्या डॉक्टरांचं नाव-पत्ता सांगितला. घाईघाईनं, एका दमात, कुणी पाठीमागे लागल्यासारखी बोलत होते. ती लक्ष देऊन ऐकत होती. दोनदा तिनं मनगट सरळ धरून बघितलं, असं का, म्हणून विचारलं. मग म्हणाली, "हे तुला कवा कळलं?"

पाच आठवडे झाले होते.

"परवा," मी म्हटलं. "परवाच गेले होते दाखवायला."

"मग काय करतीस," ती म्हणाली. "दोन दिसांत काय झालं असतं?"

सांगलीची गाडी लागली. मी उठून माझी पिशवी उचलायला गेले, तर तिनं ती आधीच डाव्या हातात घेतली होती. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. "तू वजन उचलू नगं. तुझा हात अजून कच्चा हाय."